बिल्ल्याची मागची बाजू

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मेळाव्याच्या संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू आयटीतली, तर एआयवर दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, त्या विषयावर सोमवार ते शुक्रवार ऐकतेच आहे, निदान रविवारी तरी नको. मी बिल्ल्यांवर बोलते. पलीकडे जरा शांतता पसरली. मग प्रश्न आला, "बिल्ले म्हणजे निवडणुकीचे?" म्हटलं हो, तेच.

तुम्हाला आठवत असेल, आपण प्राथमिक शाळेत असताना १९८९ ची निवडणूक झाली. मग १९९० ची विधानसभा, १९९१ ची लोकसभा. हिंजवडीच्या रस्त्यावर दिवसातून चार गाड्या जायच्या, त्यात एक प्रचाराची जीप आली की आपण धुरळ्यातून मागे पळायचो. "ओ काका, बिल्ला! ओ काका, बिल्ला!" जीप कुठल्या पक्षाची, याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नव्हतं. एकाच शर्टावर हात, कमळ, चक्र आणि धनुष्यबाण सुखानं नांदायचे. इतकी चांगली युती पुढं आपल्या राज्यात पुन्हा पाहायला मिळाली नाही. बाईंनी एकदा वर्गातले सगळे बिल्ले एका डब्यात जप्त केले आणि म्हणाल्या, "निकाल लागला की परत देईन." कुठला निकाल, ते सांगायचं राहिलं. बाई, त्या डब्यात सोळा बिल्ले माझे होते.

हसण्यावारी नेण्याचा विषय म्हणून मीही तो विसरले होते. पाच वर्षांपूर्वी गावठाणातलं आमचं जुनं घर पाडायला घेतलं, तेव्हा माळ्यावर डालड्याचा पिवळा डबा सापडला. डालडा १९३७ साली बाजारात आला आणि पुढं त्याच्या रिकाम्या डब्यात आपल्या आयांनी डाळी ठेवल्या, तुळशी लावल्या. आमच्या डब्यात आजोबांचे बिल्ले होते. एकूण एकतीस. त्यांत एक बिल्ला वेगळ्या रुमालात बांधलेला. त्याच्याकडे नंतर येते.

पहिली गोष्ट मी काय केली असेल, तर बिल्ले चकचकीत करायला बसले. गायवासराचं चित्र असलेला एक पत्र्याचा बिल्ला घेतला, भांडी घासायची पावडर लावली आणि जोरात घासला. दोन मिनिटांत गाय गेली, वासरू गेलं, हातात कोरा पत्रा राहिला. पत्र्याच्या बिल्ल्यावरचं चित्र म्हणजे पत्र्यावर छापलेल्या शाईचा पातळ थर असतो, हे ज्ञान मला एक बिल्ला गमावून मिळालं. म्हणून आजच्या भाषणातला पहिला सल्ला: जुनी वस्तू सापडली, तर घासू नका. मऊ, कोरड्या फडक्यानं धूळ पुसा आणि थांबा. गंजापेक्षा आपल्या उत्साहानं जास्त वस्तू मेल्या आहेत.

त्यानंतर मात्र मी शिकायला लागले. पुण्यातल्या जुन्या बाजारात बुधवारी, रविवारी चकरा मारल्या. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर शुक्रवारी पहाटे गेले. विक्रेत्यांशी गप्पा मारल्या, चार वेळा फसले आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं, की जवळजवळ प्रत्येक जुन्या वस्तूवर तिची तारीख कुठं ना कुठं लिहिलेली असते. फक्त ती तारखेसारखी दिसत नाही.

निवडणुकीच्या बिल्ल्यावर सगळ्यात सोपी खूण म्हणजे चिन्ह. बैलजोडी काँग्रेसची, आणि ती १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून १९६९ च्या फुटीपर्यंतची. गायवासरू इंदिरा गांधींच्या काँग्रेसचं, १९७१ आणि १९७७ च्या लोकसभेचं. हाताचा पंजा १९७८ नंतरचा. पणती दिसली तर जनसंघ, म्हणजे १९७७ च्या आधीचं. चक्रातला नांगरधारी शेतकरी ही १९७७ ची जनता लाट. कमळ १९८० पासून. घड्याळ १९९९ पासून. एवढी यादी पाठ केली, की अर्ध्या बिल्ल्यांचं वय उभ्या उभ्या सांगता येतं.

पण यात खड्डे आहेत. हत्ती दिसला की आपण आजच्या बहुजन समाज पक्षाचा समजतो. १९५२ साली हत्ती बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा होता, नंतर रिपब्लिकन पक्षाचा झाला. हाताचंही तसंच. १९५१-५२ मध्ये हात हे चिन्ह फॉरवर्ड ब्लॉकच्या रुईकर गटाकडे होतं. म्हणजे नुसत्या चिन्हावर विसंबून चालत नाही, बिल्ला कशाचा बनलाय आणि मागं काय लिहिलंय हेही बघावं लागतं.

बिल्ला कशाचा बनलाय, यालाही इतिहास आहे. कागदावर चित्र छापायचं, ते धातूच्या चकतीवर ठेवायचं, वरून सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा ओढून मागं कडीत दाबायचा, ही पद्धत अमेरिकेत न्यू जर्सीच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीनं रूढ केली. १८९६ च्या मॅकिन्ली आणि ब्रायन यांच्या निवडणुकीत असे बिल्ले अमाप वाटले गेले. पुढं चित्र थेट पत्र्यावर छापायची स्वस्त पद्धत आली. सेल्युलॉइडच्या बिल्ल्याला पाणी लागलं, तर आतल्या कागदावर तपकिरी डाग पडतात आणि किंमत घसरते. शिवाय सेल्युलॉइड पटकन पेट घेतं, म्हणून तो बिल्ला देवघरात समईशेजारी ठेवू नये.

अमेरिकेत जुन्या बिल्ल्यांना चांगला भाव येतो हे दिसल्यावर तिथं त्यांच्या प्रतिकृतीही निघाल्या. काही तर कंपन्यांनी जाहिरात म्हणून वाटल्या होत्या, फसवायचा हेतू नसताना. पण पुढं त्या अस्सल म्हणून विकल्या जाऊ लागल्या. शेवटी १९७३ मध्ये तिथं कायदा झाला, की राजकीय वस्तूची नक्कल केली तर ती बनवल्याचं वर्ष तिच्यावर घालायलाच हवं. आपल्या जुन्या बाजारात असा शिक्का शोधत बसलात, तर संध्याकाळ होईल.

आता जाहिरातीच्या वस्तूंकडे येऊ. डबे, पाट्या, कॅलेंडरं. इथं चिन्हं नसतात, पण पत्ता आणि किंमत असते. आपल्या देशात पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. पत्त्यात 'पुणे २' एवढंच असेल, तर वस्तू बहुधा त्याआधीची. सहा आकडी पिन असेल, तर नक्की नंतरची. किंमत आण्यांत असेल, तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचा माल किंवा त्याच सुमाराचा. 'नये पैसे' लिहिलं असेल, तर १९५७ ते १९६४. वजन शेर, पौंड किंवा औंसांत असेल, तर दशमान वजनं रुळायच्या आधीचं, म्हणजे ढोबळमानानं १९६० च्या अलीकडचं-पलीकडचं. इंग्रजीत 'बॉम्बे' असेल, तर १९९५ च्या आधीचं. आणि रुपयाचं नवं चिन्ह २०१० चं. ते छापलेला 'स्वातंत्र्यपूर्व' डबा मी स्वतः पाहिला आहे. विक्रेत्याला दाखवलं, तर तो म्हणाला, "ताई, डबा जुना आहे, रंग नवीन दिलाय."

आपल्याकडच्या जाहिरातींच्या चित्रांचं एक मोठं घराणं इथून तासाभराच्या अंतरावर होतं. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत सुरू केलेला छापखाना पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला आला. तिथं देवादिकांच्या तसबिरींबरोबर लेबलं आणि जाहिरातीची चित्रंही छापली जात. १९७२ मध्ये त्याला आग लागली. जुन्या शिळाछापाचं चित्र भिंगाखाली बघा. रंगाचे ठिपके हातानं टाकल्यासारखे वेडेवाकडे, लहानमोठे दिसतात. आजच्या ऑफसेटच्या नकलेत ठिपके कवायतीला उभे केल्यासारखे ओळीत असतात. पन्नास रुपयांचं भिंग तुमचे पाच हजार वाचवतं.

एनॅमलच्या पाट्या तर आपण सगळ्यांनी पाहिल्यात, दुकानाच्या फळीवर ठोकलेल्या. काचेची पूड लोखंडी पत्र्यावर पसरून सुमारे आठशे अंश तापमानाला भट्टीत वितळवायची, प्रत्येक रंगासाठी पुन्हा थर, पुन्हा भट्टी. त्यामुळं अस्सल पाटीवर नख फिरवलं, तर एका रंगावरून दुसऱ्यावर जाताना बारीक पायरी लागते. पाटी वजनाला जड असते. टवका उडाला, तर कड काचेसारखी फुटलेली दिसते. गंज खिळ्यांच्या भोकांभोवती सुरू होतो, कारण पाणी तिथूनच शिरतं. भोकं स्वच्छ आणि गंज मात्र पाटीच्या मधोमध कलात्मक पसरलेला असेल, तर तो गंज पावसानं नव्हे, माणसानं आणलाय.

आमच्याकडे अशी एक चहाची पाटी होती. आजोबांच्या दुकानावरून उतरल्यावर ती हौदाचं झाकण झाली. मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना घरच्यांनी ती भंगारात किलोवर घातली, आणि पाटी रिक्षात चढवायला मीच हात लावला. नंतर चोरबाजारात तशीच पाटी पाहिली, भाव विचारला आणि चहा न पिताच परत आले.

भावाचं म्हणाल, तर लोक मला हाच प्रश्न आधी विचारतात. "आमच्याकडे जुना डबा आहे, किती येतील?" माझं उत्तर ठरलेलं आहे. वय हे किमतीचं एक कारण, तेही सगळ्यात मोठं नव्हे. विक्रेते 'अँटिक' हा शब्द कोथिंबिरीसारखा वाटेल तिथं पेरतात, पण आपल्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू म्हणवून घ्यायला वस्तूला सर्वसाधारणपणे शंभर वर्षं व्हावी लागतात. आपले बहुतेक डबे-बिल्ले त्या हिशेबानं अजून तरुण आहेत. त्यांचा भाव चार गोष्टींवर ठरतो. तशा वस्तू किती उरल्यात, स्थिती कशी आहे, हवी असणारी माणसं किती आहेत, आणि ती कुणाकडून, कुठून आली हे सांगता येतं का. लाखांनी वाटलेला बिल्ला चाळीस वर्षं जुना असला, तरी मला पन्नास रुपयांत मिळालाय. आणि इंटरनेटवर कुणी लाख रुपये मागतोय, म्हणून तो भाव होत नाही. मागितलेली किंमत ही इच्छा असते. व्यवहार ज्या रकमेला झाला, ती किंमत.

आता रुमालातल्या बिल्ल्याकडे येते.

आमच्या घरात तो 'प्रतापगडाचा बिल्ला' म्हणून ओळखला जायचा. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीनं काळ्या झेंड्यांची प्रचंड, शांततामय निदर्शनं केली होती. पसरणीच्या घाटात माणसांची रीघ लागली होती. आजोबा त्यात होते. गावातून चौघं गेले होते, वाटेत भाकरी संपल्या, वाईला कुणी अनोळखी घरानं जेवू घातलं, ही गोष्ट आम्ही दर एक मेला ऐकायचो. आणि गोष्ट संपली की आजोबा रुमाल सोडून बिल्ला दाखवायचे. गोल, पितळी रंगाचा, मधे महाराष्ट्राचा नकाशा, भोवती 'संयुक्त महाराष्ट्र' ही अक्षरं.

मी त्याचा फोटो जुन्या बाजारातल्या एका ओळखीच्या विक्रेत्याला दाखवला. त्यानं तो मुंबईच्या एका संग्राहकाला पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. १९५७ चा असेल, तर पंधरा हजार देतो. माझा भाऊ म्हणाला, "लगेच देऊन टाक." मलाही आनंद झाला. खोटं कशाला सांगू, पैशांपेक्षा आपल्याला पारख आली याचा जास्त झाला.

त्या रात्री मी बिल्ला भिंगाखाली घेतला. आणि नकाशा खटकला. चळवळीनं मागितलेल्या महाराष्ट्रात बेळगाव, कारवार होतं. १९५७ साली नकाशा काढणारा माणूस बेळगाव बाहेर ठेवेल कशाला? या बिल्ल्यावरची रेघ मात्र १ मे १९६० ला प्रत्यक्ष मिळालेल्या राज्याची होती. मग मी बिल्ला उलटा केला. आजवर कधीच केला नव्हता, कारण आजोबा तो नेहमी समोरून दाखवायचे. टाचणीच्या खाली, बारीक अक्षरांत, बनवणाऱ्याचा पत्ता. शेवटी मुंबई, आणि पुढं सहा आकडे.

पिन कोड. म्हणजे १९७२ नंतरचा.

आमच्या कामात एखादी चूक रात्री अकराला सापडते, तेव्हा पोटात खड्डा पडतो. तसाच पडला. पण इथं चूक प्रोग्रॅममध्ये नव्हती, आजोबांमध्ये होती की काय, अशी शंका होती. जो माणूस आम्हाला खरं बोलायला शिकवायचा, तो इतकी वर्षं खोटा बिल्ला दाखवत होता? मग पसरणीचा घाट? वाईचं जेवण?

आधी त्या संग्राहकांना मागच्या बाजूचा फोटो पाठवला आणि हा १९५७ चा नाही असं लिहिलं. त्यांनी आभार मानले आणि विषय संपवला. भाऊ चार दिवस धड बोलला नाही. मग म्हणाला, "तो माणूस समोरची बाजू बघून पैसे देत होता, तू कशाला मागची दाखवलीस?" त्याचंही चुकत नव्हतं, घराचं काम चालू होतं आणि पैसे लागत होते. पण माझं स्वतःचं नाव घालून मी ती वस्तू विकणार होते.

अण्णांना, म्हणजे वडिलांना सांगायचं की नाही, यात दोन आठवडे गेले. ते ऐंशीचे आहेत. शेवटी एका संध्याकाळी बिल्ला त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "अण्णा, हा प्रतापगडाचा नाही." मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी बिल्ला हातातही घेतला नाही. म्हणाले, "न्हाईच तो. मीच आणला व्हता."

मग कळलं ते असं. प्रतापगडाला जाताना लावलेला बिल्ला कागदाचा होता. जाड कागद गोल कापून वर शिक्का मारलेला, टाचणीनं सदऱ्याला लावायचा. आजोबांनी तो पंचवीस वर्षं पोथीत ठेवला. एका पावसाळ्यात घर गळलं आणि पोथीबरोबर त्याचा लगदा झाला. "म्हातारा आठवडाभर जेवला न्हाई नीट," अण्णा म्हणाले. १९८५ ला महाराष्ट्राला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा पुण्यात हे धातूचे बिल्ले विकायला आले होते. अण्णांनी एक घेतला आणि आजोबांना दिला. आजोबांनी तो रुमालात बांधला. तो दुसरा आहे हे दोघांनाही माहीत होतं. आम्हाला सांगावं असं कुणाला वाटलं नाही, कारण आम्ही कधी विचारलं नाही.

ही गोष्ट खरी कशावरून, असं इथं बसलेला एखादा वकील मित्र विचारेल. पुरावा माझ्याकडे नाही. कागदाचा बिल्ला गेला, आजोबा १९९३ मध्ये गेले. बिल्ल्याच्या मागची बाजू १९७२ नंतर एवढंच सांगते, आणि ते अण्णांच्या सांगण्याशी जुळतं. त्यापुढं मी अण्णांवर विश्वास ठेवते.

या सगळ्यातून मला एक कळलं, ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगते. एखादा प्रोग्रॅम वाचून तो काय करतो हे कळतं, कधी लिहिला तेही शोधता येतं. पण तो तसा का लिहिला, हे लिहिणाऱ्यानं बाजूला दोन ओळींची टीप ठेवली असेल, तरच कळतं. टीप नसेल आणि माणूस कंपनी सोडून गेला असेल, तर संपलं. वस्तूंचं अगदी तसंच आहे. तारीख वस्तूवर सापडते, भिंग घेऊन कुणालाही सापडेल. पण हा बिल्ला मुलानं बापाला का दिला, हे कुठल्याच भिंगात दिसत नाही. ते एका ऐंशी वर्षांच्या माणसाच्या डोक्यात होतं आणि मी विचारायला जवळजवळ उशीर केला होता.

आता त्या बिल्ल्याबरोबर माझ्या हस्ताक्षरात एक कार्ड आहे. वस्तू काय, कधीची, कुणाची, आणि कुणी सांगितलं. 'बनावट १९८५ ची. प्रतापगडाला गेलेल्या माणसाचा.' बाजारात त्याची किंमत शे-दोनशे रुपये असेल. भाऊ परवा म्हणाला, आता पंधरा हजारांनाही देऊ नकोस.

मित्रमैत्रिणींनो, या हॉलच्या खिडकीतून आज काचेच्या इमारती दिसतात. आपण शाळेत यायचो तेव्हा इथं शेतं होती. माझं ऑफिस ज्या जागेवर आहे, तिथं कुणाची विहीर होती हे अण्णा सांगू शकतात, गुगल सांगू शकत नाही. गावातली जुनी घरं भराभर पडताहेत आणि प्रत्येक माळ्यावर एखादा डबा आहे. घर पाडायच्या आधी तो डबा खाली घ्या. घासू नका, भंगारात घालू नका, पहिला भाव सांगेल त्याला देऊ नका. वस्तू उलटी करून बघा. आणि घरात पंच्याहत्तरीच्या पुढचं कुणी असेल, तर वस्तू त्यांच्यासमोर ठेवा, शेजारी बसा आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू करा. विकायची असेल, तर खुशाल विका, पण तिची खरी हकीकत बरोबर द्या. विकायची नसेल, तर पुढच्या मेळाव्याला घेऊन या. शाळेनं एक कपाट दिलं, तर कार्डं लिहायचं काम मी अंगावर घेते.

आणि बाई, शेवटचं तुमच्यासाठी. निकाल लागून आता तीस वर्षं झाली. आम्ही सगळे पास झालो, थोडेफार शहाणेही झालो. तो डबा अजून कुठं असेल, तर माझे सोळा बिल्ले मला परत हवेत. कार्डावर काय लिहायचं तेही ठरवलंय: 'जप्त, इयत्ता चौथी. बाईंकडून साभार.'